दृष्टीचा कोळसा

शांभवीच्या म्हशीच्या ढेकरांत वायू नाही, यात शांभवीचं कर्तृत्व काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

म्हैस तिची, मान्य. पण म्हशीचं पोट म्हशीचं. आणि त्या पोटातले जिवाणू तर कुणाच्याच मालकीचे नाहीत. तरी टीव्हीवर कोण? शांभवी विश्वनाथ घुगरे, इयत्ता दहावी. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स कुणाचा? शांभवीचा आणि ठमीचा. त्या फ्लेक्सवर ठमी जास्त बरी दिसते, असं मी भर वर्गात म्हटलं. हशा पिकला. मला पाच मिनिटं फार छान वाटलं, मग पुन्हा पोटात दुखायला लागलं.

मी राजनंदिनी बाळासाहेब घुगरे. शांभवीची चुलत बहीण, तिच्याच वर्गात, तिच्याच बाकाच्या मागच्या बाकावर. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागं आमची गवळी गल्ली आहे. बाबा आणि विश्वनाथकाका वेगळे झाले तेव्हा गोठ्याच्या मधोमध भिंत घातली. भिंत अशी, की पलीकडची म्हैस दिसत नाही, पण पलीकडचं कौतुक शब्दन् शब्द ऐकू येतं.

आणि गेलं वर्षभर पलीकडं कौतुकच चाललंय.

आता माझ्या तोरणाबद्दल सांगते, म्हणजे माझं दुःख कळेल. तोरणा म्हणजे काळी कुळकुळीत, शिंगं मागं वळून पाठीला टेकायला आलेली. तिचं रेडकूपण मी काढलंय. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, पायांत घुंगरू. मालक मोटारसायकलवरून पुढं सुसाट आणि म्हैस मागं सुसाट. पेट्रोलच्या गाड्या आता रस्त्यावर आणता येत नाहीत, पण पाडव्याला एका तासाचा परवाना मिळतो, कारण विजेच्या गाडीचा आवाजच नसतो आणि म्हशी तिला विचारत नाहीत. तोरणाला तर गाडीही लागत नाही. मी नुसतं “तोरणे, ये गं!” म्हटलं की ती गर्दी फोडत येते. नदीघाटावर मी हात वर केला की दोन पायांवर उभी राहते. सलग तीन पाडवे पहिलं निशाण आमचं होतं. काटा किर्र!

आणि ठमी? एक शिंग मोडकं, रंग वाळक्या गोवरीचा. हाक मारली तर मान दुसरीकडं वळवते.

पण मग नथ आली.

नथ म्हणजे खरं तर म्होरकीला, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोरीला, लावायचं सुपारीएवढं सरकारी यंत्र. ते म्हशीच्या नाकपुडीखाली बसतं, म्हणून गल्लीनं त्याचं नाव नथ ठेवलं. म्हैस ढेकर देते, त्या हवेतून यंत्र डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश सोडतं. मिथेन नावाचा वायू तो प्रकाश गिळतो. जितका प्रकाश कमी परत येईल तितका मिथेन जास्त. कमी असेल तर हिरवा दिवा, जास्त असेल तर लाल.

तोरणाची नथ पहिल्या दिवसापासून लालभडक. ठमीची हिरवी. एकटी ठमी, सगळ्या गल्लीत.

नथ तपासायला पशुवैद्यक डॉ. नसीमा मुजावर आल्या होत्या. काकांच्या गोठ्यात त्यांनी ठमीची नथ बदलली. पुन्हा हिरवी. तिसरी लावली. तीही हिरवी. मग त्या ठमीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिच्या ढेकराची वाट बघत बसल्या. मी भिंतीवरून बघत होते. ठमीनं ढेकर दिला आणि डॉक्टर अशा हसल्या, जणू कुणी अत्तर लावलंय.

“उतर खाली, नंदिनी,” त्या मला म्हणाल्या. “भिंतीवरून अर्धवट कळतं. इथं येऊन ऐक.”

ते मला आवडलं. मी उतरले. बाबाही आले, पण काकांच्या उंबऱ्याच्या अलीकडंच थांबले.

डॉक्टर म्हणाल्या, “म्हशीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे कोठीपोट. तिथं जिवाणू वैरण कुजवतात. कुजवताना हायड्रोजन सुटतो. तो साठला तर कामच थांबेल, म्हणून तिथले काही सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. म्हैस तो ढेकरातून बाहेर टाकते. आणि मिथेन पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवून धरतो. ठमीच्या पोटात मात्र दुसराच एक जिवाणू आहे. तो हायड्रोजन आधीच पळवतो आणि त्याचं आम्ल बनवतो. ते म्हशीच्याच अंगी लागतं. मिथेनवाले उपाशी.”

“डॉक्टर, एक विचारतो,” बाबा बाहेरून म्हणाले. “एवढी वर्षं कोळसा जाळून वीज कुणी केली? विमानं कुणी उडवली? आमच्या म्हशीनं? आणि धरलं कुणाला, तर म्हशीला!”

“बाळासाहेब, मोठा दोष कोळशाचा आणि तेलाचाच. तो मी म्हशीवर ढकलत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण कोळशाचा कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं राहतो. मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो. तो आज थांबवला तर या पोरी पंचविशी-तिशीच्या होईपर्यंत फरक दिसेल. गंजीला आग लागली तर आधी हाताला येईल ती पेंढी ओढतोच की आपण.”

खरं तर वाद घालायला उरलं काय होतं? मार्चपासून शाळा पहाटे भरते, दहा वाजता उष्म्याचा भोंगा होतो आणि आम्ही घरी. पंचगंगा वर्षात दोनदा गल्लीत येते. तरी मला डॉक्टरांच्या बोलण्यातलं त्या दिवशी एकच वाक्य ऐकू आलं. जाताना त्या शांभवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हिची म्हैस देशाच्या उपयोगी पडणार.”

हिची म्हैस!

पुढं जे झालं ते झपाट्यानं झालं. कट्ट्यावर आम्ही संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळतो आणि फेसाळ दूध पेल्यात देतो. आता लोक पेला घेण्याआधी नथ बघायला लागले. तोरणासमोर चारजण, ठमीसमोर रांग. शांभवी रांग लावायची. “सरका की वो, ढकलू नका, सगळ्यांना मिळंल.” तिचा तो आवाज! कधी नव्हे ती मला खालच्या पट्टीत हाक मारायला लागली. “नंदे, तुमच्याकडं पेले जास्तीचे असतील तर दे की, आमचे पुरंनात.”

“आमचे फुटले,” मी म्हटलं.

“सगळे?”

“सगळे.”

मग सरकारचा नियम आला. लाल नथीची म्हैस पाडव्यापासून शहरात ठेवायची नाही. तिला तिकडं लांब माळावरच्या बंदिस्त गोठ्यात पाठवायचं. तिथं छपराखालचा वायू नळ्यांनी ओढून घेतात. वैरण यंत्र टाकतं, धार यंत्र काढतं. म्हशींना नंबर असतो, नाव नसतं. मी तिथला व्हिडिओ बघितला. शेकडो काळ्या पाठी एका ओळीत, आणि एकीनंही मान वळवून कुणाकडं बघितलं नाही. बघायला तिथं माणूसच नव्हता.

तिथं “तोरणे, ये गं” कोण म्हणणार?

त्या दिवसापासून मला दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला लागल्या. तोरणा जाणार म्हणून रडू यायचं आणि ठमी राहणार म्हणून राग यायचा. कधी कधी दुसरं पहिल्यापेक्षा जास्त.

डॉक्टरांनी उपाय काढला होता. ठमीच्या कोठीपोटातला रस नळीनं काढायचा आणि दुसऱ्या म्हशीला पाजायचा. त्या त्याला काहीतरी लांबलचक म्हणायच्या. गल्ली त्याला विरजण म्हणायची. आणि काय चुकलं त्यात? शेजारून चमचाभर आणायचं, आपल्या भांड्यात घालायचं आणि लागायची वाट बघायची.

पण लागत नव्हतं. लहान रेडकांना लागायचं, मोठ्या म्हशींना नाही. नथ चार-पाच दिवस हिरवी व्हायची आणि पुन्हा लाल. “आधीचे भाडेकरू नव्याला टिकू देत नाहीत,” डॉक्टर म्हणायच्या. काकांच्या स्वतःच्या बाकीच्या म्हशीही लालच होत्या. तरी लोक येत राहिले. दर दोन दिवसांनी डॉक्टर रस काढून थर्मासमध्ये काठोकाठ भरून ठेवायच्या, कारण हवा लागली की ते जिवाणू मरतात. काकू तो वाटायची.

सगळी गल्ली जाऊन आली, आम्ही सोडून. बाबा भावाच्या दारात मागायला जाणार नव्हते. आई म्हणाली, “तू जा.”

“मी? शांभवीकडं मागायला? मी कशाला जातो!” (आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना जातो-येतोच म्हणतो. लिहिताना मराठीच्या बाई लाल शाई वापरतात.)

“मग तोरणाला गाडीत कोण चढवणार, ते ठरव,” आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी गेले.

काकू चुलीपुढं होती. चुलीला बंदी आहे, पण काकूनं ती ठेवलीय. तपासणीवाले आले की वर परात उपडी घालते आणि त्यावर बसते. शांभवी पाटावर बसून मुलाखतीला कोणता ड्रेस घालायचा ते बघत होती.

“विरजण पाहिजे,” मी म्हटलं.

“कुणासाठी?” शांभवीनं विचारलं. तिला माहीत होतं!

“तोरणासाठी.”

“तोरणासाठी व्हय? तीन निशाणंवाली तोरणा?” ती गोड हसली. “दे की गं आई. आपल्या ठमीचंच दिल्यावर काय कमी पडतंय.”

काकूनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग छोटा थर्मास भरला. आणि झाकण लावायच्या आधी चुलीशेजारच्या घमेल्यातला विझलेला कोळसा उचलला, मुठीत चुरला आणि आत सोडला.

आमच्यात दूध घराबाहेर देताना त्यात कोळशाचा बारीक खडा टाकतात, दृष्ट लागू नये म्हणून. पण तो खडा असतो, मुगाएवढा. काकूनं मूठ टाकली. मूठ!

“काकू, हे काय?”

“काय न्हाई. असू दे.”

“सगळ्यांना घालतीस?”

“सगळ्यांची नजर सारखी नसती, बाळा,” काकू म्हणाली. “कट्ट्यावर तू ठमीकडं कशी बघतीस, ते मी रोज बघतो.”

शांभवी खुदकन हसली. माझे कान तापले. थर्मास तिथंच ठेवून यावं असं वाटलं. पण व्हिडिओतल्या त्या ओळीत तोरणाची काळी पाठ दिसली आणि मी थर्मास छातीशी धरून निघाले. तो रस गाळून घ्यायचा विचार होता, पण हवा लागून जिवाणू मरतील म्हणून तसाच, काळाकुट्ट, बांबूच्या नळकांड्यानं तोरणाच्या घशात ओतला. तोरणानं जिभेनं नाक पुसलं आणि माझ्याकडं बघितलं, कुणी एवढं वाईट बनवतं का, असं.

दुसऱ्या दिवशी नथ हिरवी. सगळ्यांची होते, म्हणून मी आनंद केला नाही. पाचव्या दिवशीही हिरवी. आठवडा गेला. आणखी एक गेला. गल्लीतल्या हणबर तात्यांच्या म्हशीला आमच्याच दिवशी विरजण दिलं होतं, ती लाल होऊन बसली. तोरणा हिरवी!

डॉक्टर धावत आल्या. नथ बदलली, हिरवी. नमुना घेतला, ठमीचे जिवाणू पोटात ठणठणीत. “हिचं पोटच वेगळं असणार,” त्या पुटपुटल्या.

मी मात्र विचार करत होते. पोट वेगळं, हे म्हणायला सोपं. पण आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक गोष्ट शिकवलीय, की दोन प्रयोगांचं उत्तर वेगळं आलं तर आधी काय वेगळं केलं ते शोधा. ठमी तीच, दिवस तोच, वैरण तीच. आमच्या थर्मासमध्ये काय वेगळं होतं?

मूठभर कोळसा.

आता खात्री कशी करायची? मग मला सुचलं, आणि मी गोठ्यात एकटीच नाचले. काकू कोळसा सगळ्यांना घालत नव्हती. मला घालत होती. आई गेली तर घालणार नाही, मी गेले तर नक्की घालणार! आमच्या अजून दोन म्हशी लाल होत्या, मोगरा आणि काजळी. एक थर्मास मी आईला आणायला लावला. तो मोगराला पाजला. दुसरा मी आणला, आणि जाताना मुद्दाम ठमीसमोर उभी राहून डोळे मोठे करून बघितलं. काकूनं दीड मूठ घातली. तो काजळीला पाजला.

मोगरा पुन्हा लाल झाली. काजळी हिरवीच राहिली. मग मोगरालाही माझ्या हातचं पाजलं. हिरवी!

नाद खुळा! जगात एकट्या मला ती गोष्ट माहीत होती, आणि शांभवीला माहीत नव्हती. मी कुणालाच सांगितली नाही. आईबाबांनाही नाही.

का नाही सांगितली, हे विचारूच नका. कट्ट्यावर आता आमच्याकडं रांग होती. पत्रकार आले. “एका गोठ्यात तीन हिरव्या नथी! रहस्य काय?” मी वेणी पुढं घेतली आणि म्हटलं, “लळा.” दुसऱ्या दिवशी तेच मथळ्यात आलं. फ्लेक्सवाले येऊन माझा फोटो काढून गेले. तोरणा पाडव्याला पळणार होती, हिरव्या नथीसकट. मी झोपेतही हसत असणार.

एकदा दुपारी भिंतीपलीकडून शांभवीचा आवाज आला.

“नंदे.”

“काय?”

“तू काय केलंस?”

“काय न्हाई.”

“खोटं. आमच्या घरातल्या चार म्हशी लाल हायत. ठमीच्या शेजारी बांधलेल्या. त्यांना न्हाई लागलं, तुझ्या तिघींना लागलं. आई म्हणतीय, त्या जाणार. सांग की.”

“तुझ्या ठमीला विचार,” मी म्हटलं.

पलीकडं बादली आपटली. तिच्या पोटात दुखत होतं, मला भिंतीतून कळत होतं. माझं इतके महिने दुखलं होतं, मला नाही कळणार? आणि सांगते, ते कळून मला साखर खाल्ल्यासारखं वाटलं.

मग पाडव्याच्या आदल्या दिवसाची सकाळ आली.

गल्लीच्या तोंडाशी आमची तालीम आहे. तिच्या हॉलमध्ये शांभवीचा सत्कार होता. बाहेर रस्त्यावर ट्रक लागले होते. आत सनई, बाहेर फळीवरून म्हशी चढवायचं काम. फेटा बांधलेली माणसं आत जाताना बाहेर बघत नव्हती.

हणबर तात्यांची सोनसळी फळीवर पाय ठेवीना. तात्या सत्तरीचे. एक मुलगा पुण्याला, घरात ते आणि ती म्हैस. त्यांनी तिला गूळ दाखवला, ओढलं, मागून ढकललं. ती चारी पाय रोवून उभी. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला.

तात्यांनी मला बघितलं. मी तोरणाला नदीवरून धुऊन आणत होते.

“नंदे, एक काम कर पोरी. तुझ्या तोरणाला म्होरं घे. तिला ट्रकात चढव नि लगेच खाली उतरव. तिच्यामागनं ही चढंल. म्हशी तोरणाच्या मागनं जात्यात.”

खरंय. पाडव्याला साऱ्या गल्लीच्या म्हशी तोरणाच्या मागून पळतात. ते माझंच तर कौतुक होतं.

“चल, तोरणे,” मी म्हटलं. तोरणानं एका शब्दात फळीवर पाय ठेवला. तिला काय, मी म्हणेन तिथं ती जाते. आणि मागं सोनसळीनं रोवलेले पाय सैल केले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तात्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, “जा बाय, जा, नंदीची तोरणा हाय म्होरं, भिऊ नको.”

मी तिथंच थांबले.

“थांबवा,” मी म्हटलं. “तात्या, तिला चढवू नका. मी आलो.” तोरणाचं दावं त्यांच्या हातात दिलं आणि तालमीत पळाले.

आत शांभवीच्या गळ्यात हार पडत होता. मी शेणाच्या पायांनी सतरंजीवरून सरळ व्यासपीठापाशी गेले. सनई थांबली.

“आली बघा,” काकू पहिल्या रांगेतून मोठ्यांदा म्हणाली. “सत्कारही बघवत न्हाई हिला.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शांभवीही. हाराच्या आतून.

मला परत फिरता आलं असतं. उद्या, परवा, डॉक्टरांच्या कानात सांगता आलं असतं. पण ट्रक आज होता.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “तोरणाचं पोट वेगळं न्हाई. त्या रसात कोळसा होता. मोगराला आधी बिनकोळशाचा दिला तर लाल झाली, मग कोळशाचा दिल्यावर हिरवी. काजळीला पहिल्यापासून कोळशाचा, ती हिरवीच. मी करून बघितलंय.”

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. “कोळसा? किती?”

“मूठ. चुरून.”

त्या स्वतःशीच बोलायला लागल्या. “छिद्रं… कोळशाला आतून असंख्य छिद्रं असतात. चिमूटभर कोळशाच्या आतल्या भिंती पसरल्या तर हा हॉल झाकून जाईल. नव्या जिवाणूंना त्यात घर मिळत असेल… जुन्यांनी ढकललं तरी धरून राहायला जागा…” मग एकदम माझ्याकडं वळल्या. “पण फक्त तुमच्याच थर्मासमध्ये का? आणि कोळसा घालायचं सुचलं कुणाला?”

झालं. हाच प्रश्न येणार, हे मला सतरंजीवर पाय ठेवतानाच माहीत होतं.

काकूनं पदर तोंडावर घेतला. शांभवीनं मान खाली घातली. त्या दोघींनाही उत्तर माहीत होतं आणि दोघीही ते देणार नव्हत्या. बाहेर सोनसळी हंबरली.

“काकूनं घातला,” मी म्हटलं. “माझी दृष्ट ठमीला लागू नये म्हणून. दुसऱ्या कुणाची भीती तिला वाटली न्हाई, म्हणून फक्त आमच्याच थर्मासमध्ये. आणि काकूला उगाच वाटलं न्हवतं. मला ठमीचा हेवा वाटत होता. शांभवीचा तर लईच. रोज. अजूनही वाटतोय, तो हार बघून.”

आधी कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग सगळा हॉल हसला, काकासुद्धा. आणि गंमत म्हणजे मी मेले नाही. उलट छातीवरून कुणीतरी वैरणीचा भारा उतरवल्यासारखं झालं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या गंभीरपणे म्हणाल्या, “तीन म्हशींवरून शास्त्र होत नाही. पण तीन म्हशींवरून चाचणी सुरू करता येते. आजपासून या गल्लीतली प्रत्येक लाल म्हैस माझ्या चाचणीत आहे. आणि चाचणीतलं जनावर हलवायला नियमानंच बंदी आहे.” मग दाराकडं बघून ओरडल्या, “अहो ड्रायव्हर! उतरवा सगळ्या!”

अर्धा हॉल बाहेर धावला. फेटे पडले, खुर्च्या पडल्या. तात्यांचा आवाज सगळ्यांच्या वर, “मागं घे, मागं घे, माझी बाय!” काकू बाहेर जाता जाता माझ्यापाशी थांबली. पदरानं माझ्या गालावरचं शेण पुसलं आणि गेली.

डॉक्टर आता माझ्याशेजारी बसून विचारत होत्या. कोणता दिवस, कोळसा कोणत्या लाकडाचा, किती चुरला होता. कॅमेरेवालेही इकडं वळले होते. “नीट आठव, नंदिनी. शोधनिबंधात तुझं नाव येणार,” त्या म्हणाल्या. निबंधात माझं नाव, आणि त्यात लाल शाई नाही! मी फुलून गेले होते, खोटं कशाला सांगू.

मग माझं लक्ष व्यासपीठाकडं गेलं. शांभवी तिथं एकटी उभी होती. हार गळ्यात, हातात नारळ. सत्कार अर्धवट राहिला होता आणि कुणाच्या लक्षातही नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, डॉक्टरांच्या हातातल्या पेनकडं बघत होती, पुन्हा माझ्याकडं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे.

ते बघणं मला नीट ओळखता आलं. वर्षभर मी तसंच बघत होते.

मी सतरंजीवर सरकले आणि शेजारी हात आपटला.

“ये. ठमीबद्दल मला काय माहीत? ती काय खाती, कधी बसती, ते तूच सांग की.”

ती जागची हलली नाही. “निबंधात ठमीचं नाव आधी येणार,” ती म्हणाली.

“तोरणाचं आधी येणार.”

“ठमी नसती तर तुझी तोरणा आज ट्रकात असती.”

“आणि मी तुझा हेवा केला नसता तर?”

ती रागारागानं व्यासपीठावरून उतरली, फतकल मारून माझ्या शेजारी बसली, आणि डॉक्टरांना म्हणाली, “लिहून घ्या. ही चुकीचं सांगंल.”